गुळाचा खडा आणि दुधीचा ग्लास

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं, की हडपसरच्या पुढे मांजरी येते. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली उभारलेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था इथेच आहे. आणखी पुढे, शहरापासून तीसएक किलोमीटरवर, उरुळी कांचन. महात्मा गांधींनी १९४६ साली इथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो मणिभाई देसाईंवर सोपवला. तिथून पुढे दौंड तालुका लागतो. केडगाव-चौफुल्याच्या पट्ट्यात हंगामात गेलात तर रस्त्यावरूनही उकळत्या रसाचा वास येतो. तो तिथल्या गुऱ्हाळांचा. साखर, निसर्गोपचारातला भाजीचा रस आणि गूळ हे तिघे असे एका रस्त्यावर नांदत आहेत. या प्रकरणात साखरेला फारसं काम नाही. भांडण आहे ते गूळ आणि भाजीचा रस यांचं.

खरं म्हणजे भांडण म्हणणंही चूक आहे, कारण पुणेकराच्या सकाळी दोघं गुण्यागोविंदाने राहतात. पर्वती, तळजाई, सारसबाग, कुठेही पहाटे जा. फिरायला येणाऱ्यांच्या वाटेवर कॅन आणि स्टीलचे ग्लास मांडून कुणीतरी बसलेलं असतं. दुधी, कारलं, गव्हांकुर, आवळा, बीट, गाजर, जे हवं ते मिळतं. टेकडी उतरलेला माणूस डोळे मिटून दुधीचा ग्लास रिचवतो आणि परतीच्या वाटेवर 'गुळाचा चहा' अशी पाटी दिसली की तिथे थांबतो. अमृततुल्यांच्या या शहरात गेल्या काही वर्षांत अशा पाट्या बऱ्याच झाल्या. साखर टाळली, भाजी पोटात गेली, तासाभराची चालही झाली. एवढं पुण्य पदरात घेऊन तो घरी पोहे खायला मोकळा होतो.

दोन्ही गोष्टींना आशीर्वादही एकाच माणसाचा आहे. गांधींनी १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. गिरणीच्या साखरेऐवजी गावचा गूळ खावा, हा त्या चळवळीचा आग्रह होता. आगाखान पॅलेसमधून १९४४ साली सुटका झाल्यावर ते पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत असत. आज तिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. माती, पाणी, ऊन, उपास आणि साधा आहार यांचं माहात्म्य पुण्यात रुजलं ते हे केंद्र आणि उरुळी कांचनचा आश्रम या दोन जागांमुळे. गांधींची कारणं मात्र निव्वळ आरोग्याची नव्हती. गुळामागे खेड्यातला रोजगार होता आणि निसर्गोपचारामागे गरिबाला परवडेल असं औषध. आपण ती कारणं विसरलो आणि फक्त 'गूळ पौष्टिक, रस पौष्टिक' एवढंच लक्षात ठेवलं.

किती पौष्टिक, हे पाहायचं तर तक्ता उघडावा लागतो. भारतीय अन्नपदार्थांचे घटक मोजण्याचं काम तमिळनाडूतल्या कुन्नूर इथल्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. आयक्रॉईड यांच्या हाताखाली सुरू झालं. पहिली पुस्तिका १९३७ची. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली काढलेलं कोष्टकांचं पुस्तक आहारशास्त्राच्या दोन पिढ्यांनी पाठ केलं. त्याची सुधारित आवृत्ती १९८९ साली आली. पुढे देशाचे सहा विभाग पाडून, नव्याने नमुने गोळा करून, नव्या यंत्रांवर मोजलेली कोष्टकं २०१७ साली प्रसिद्ध झाली.

आता गुळाच्या ओळीवर बोट ठेवा आणि फक्त लोहाचा रकाना वाचा. जुन्या पुस्तकात १०० ग्रॅम गुळात ११.४ मिलिग्रॅम लोह. १९८९च्या आवृत्तीत २.६४. २०१७ मध्ये ४.६च्या आसपास. 'गुळाने रक्त वाढतं' हे वाक्य ज्या आकड्याच्या जोरावर शाळेच्या पुस्तकांत आणि दवाखान्यांच्या भिंतींवर गेलं, तो आकडा पुढच्या आवृत्तीत पावपटीवर आला. भिंतीवरचं वाक्य मात्र कुणी पुसलं नाही.

इतका फरक का पडावा? त्यासाठी गुऱ्हाळात जायला हवं. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. या रसात पाचवा हिस्साही घन पदार्थ नसतो, बाकी पाणीच. खाली चुलाणात चिपाड जळत असतं. रसाचा आंबटपणा मारायला त्यात चुना घालतात. गाळ वर यावा म्हणून भेंडीच्या खोडाची चिकटी घालायची जुनी पद्धत आहे. ती चिकटी गाळाला धरून वर आणते, मग मळी झाऱ्याने काढून टाकतात. गूळ स्वच्छ करायला भाजीचाच रस कामी येतो, ही या प्रकरणाच्या दृष्टीने मोठी गमतीची गोष्ट. पुढचा सगळा खेळ गुळव्याच्या नजरेचा. पाक हाताला कसा लागतो, पाण्यात टाकल्यावर गोळी कशी होते, यावर तो काहील उतरवायची वेळ ठरवतो. तेव्हा पाकाचं तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एक टन उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो.

आता विचार करा. गुळात येणारं कॅल्शियम काही उसाचं आणि काही चुन्याचं. लोह काही उसाचं, काही लोखंडी काहिलीचं, काही उसाला चिकटून आलेल्या मातीचं. काहील कशाची, माती कुठली, मळी किती काढली, यावर आकडा हलणारच. शिवाय मोजण्याची पद्धतही पन्नास वर्षांत सुधारली. म्हणून गुळाचा एकच एक खरा आकडा शोधण्यात अर्थ नाही. अडीच ते पाच मिलिग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी, असं धरून चालावं.

त्यात बाजाराची एक तऱ्हा आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात काय किंवा कोल्हापुरात काय, गुळाचा भाव रंगावर चढतो. गिऱ्हाइकाला केशरी-पिवळा, चकचकीत गूळ हवा. रंग उजळायचा तर मळी जास्त काढायची आणि वर 'हायड्रॉस', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकायचं. खनिजांसाठी गूळ खातो म्हणणारा माणूस खनिजं सर्वांत कमी असलेल्या गुळाला जास्त पैसे मोजतो. साखर स्वस्त असेल तेव्हा काही गुऱ्हाळांत काहिलीत सरळ साखरच ओततात. अन्न व औषध प्रशासनाने पुणे जिल्ह्यात अशा गुऱ्हाळांवर कारवाया केल्या आहेत. त्या ढेपेला हैदराबादचा कोणताही आकडा लागू नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते अशाच नकलांना आवर घालण्यासाठी. पण दुकानातल्या ढेपेवर मानांकन कोण विचारतो?

दुधीची ओळ त्यामानाने निरुपद्रवी आहे. १९८९च्या कोष्टकात १०० ग्रॅम दुधीत ९६ टक्के पाणी, १२ कॅलरी, २० मिलिग्रॅम कॅल्शियम, ०.४६ मिलिग्रॅम लोह. त्याच कोष्टकात गुळाला ३८३ कॅलरी, ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ते २.६४ मिलिग्रॅम लोह. गूळ लोहात जवळपास सहापट, कॅल्शियममध्ये चौपट. निकाल लागला म्हणायचा. पुष्कळ लेखक इथेच थांबतात आणि गुळाला हार घालतात.

पण हा निकाल पाण्याने लावलेला आहे. गूळ म्हणजे काय? उसाचा रस, पाणी उडवून घट्ट केलेला. दुधीचा रस म्हणजे काय? तसाच एका वनस्पतीचा रस, पाण्यासकट. वजनाला वजन लावून या दोघांची तुलना करणं म्हणजे एका पारड्यात उन्हात वाळलेली गोधडी आणि दुसऱ्यात हौदातून काढलेली गोधडी ठेवून कापूस कुणात जास्त हे सांगण्यासारखं आहे. शिवाय १०० ग्रॅम गूळ एका बैठकीत कोण खातं? आपण खातो तो खडा, दहा ग्रॅमचा. आणि दुधीचा रस १०० ग्रॅम कोण पितं? ग्लास भरतो तो अडीचशे मिलिलिटरचा.

मग खडा आणि ग्लास समोरासमोर ठेवू. दहा ग्रॅमच्या खड्यात ३८ कॅलरी, ८ मिलिग्रॅम कॅल्शियम, पाव मिलिग्रॅम लोह. नवा आकडा धरला तरी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच. अडीचशे ग्रॅम दुधीत ३० कॅलरी, ५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह. चोथा गाळून टाकल्यावर यातलं थोडं कमी होईल, हे मान्य. तरीही कॅलरी जवळपास सारख्या असताना पांचट, बेचव म्हणून नाकं मुरडली जाणारी दुधी लोहात गुळाच्या पुढे जाते. शंभर कॅलरींचा हिशेब केला तर १९८९च्या कोष्टकात गुळातून ०.७ मिलिग्रॅम लोह मिळतं, नव्यात १.३. दुधीतून ३.८. पाणी काढून घेतलं की गुळाचं मोठेपण गळून पडतं.

दुधीवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. स्त्रीची ही गरज एकट्या गुळाने भागवायची तर, नवा वाढीव आकडा धरूनही, सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ रोज खावा लागेल. त्यातून २,२०० कॅलरी मिळतील, म्हणजे दिवसभराचं जेवण झालंच. दुधीने भागवायची तर सहा किलो दुधी किसावी लागेल. रक्तवाढीच्या बाबतीत दोघांचंही पितळ उघडं पडतं. फरक इतकाच, की दुधी कॅलरी न वाढवता अपयशी ठरते.

मग गुळाची एवढी कीर्ती झाली कुठून? संगतीने. आपल्याकडे गूळ एकटा क्वचित येतो. तिळाबरोबर येतो, शेंगदाण्याबरोबर येतो, हळिवाच्या लाडवात येतो, बाजरीच्या भाकरीवर तुपाबरोबर येतो. संक्रांतीच्या तिळगुळात काम करतो तीळ. १०० ग्रॅम तिळात कॅल्शियम हजार मिलिग्रॅमच्या पुढे असतं. म्हणजे दहा ग्रॅम तिळात शंभराच्या वर, आणि दहा ग्रॅम गुळात आठ-दहा. बाळंतिणीच्या लाडवात लोह हळिवाचं. अर्थात हळिवाचा आकडाही जुन्या कोष्टकात १०० होता आणि नव्यात १७च्या आसपास उतरला, तरी तो गुळाच्या कितीतरी वर आहे. बाजरीचं तर महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. लोहाचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं 'धनशक्ती' हे बाजरीचं वाण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत भाकरीतून मुलामुलींना देऊन पाहिलं, तेव्हा साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांची लोहाची कमतरता लवकर भरून निघाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. गूळ या सगळ्यांना गोडी देतो, बांधून ठेवतो, टिकवतो. गूळ नसता तर तीळ आणि हळीव एवढ्या आवडीने पोटात गेले नसते, हे श्रेय त्याला खुशाल द्यावं. पण पगार तिळाचा आणि सही गुळाची, असा हा प्रकार आहे.

संगत बिघडली की उलटंही होतं. गुळाचा चहा घ्या. चहातली टॅनिनं आणि त्यांच्या जातीची इतर द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचं शोषण निम्म्याहून अधिक घटतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे चहात गूळ घालून लोह मिळवणं हा एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा व्यवहार. चहा चवीला छान लागतो, तो अवश्य प्यावा. गूळ किंचित आम्लधर्मी असल्याने दूध फाटू नये म्हणून तो शेवटी, आच बंद करून घालतात, हेही शिकून घ्यावं. त्यात पौष्टिकपणा मात्र शोधू नये. उलट रसवाला ग्लासात लिंबू पिळतो किंवा आवळ्याचा रस मिसळतो, तेव्हा तो नकळत योग्य तेच करत असतो. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं.

एक जागा अशी आहे जिथे भाजीच्या रसाशी गूळ बरोबरी करूच शकत नाही. गाजराच्या केशरी रंगातलं कॅरोटीन, बीटमधलं फोलेट, ताज्या रसातलं क जीवनसत्त्व, यांपैकी काहीही ११८ अंशांच्या पाकातून उल्लेख करण्याजोगं शिल्लक राहत नाही, आणि कॅरोटीन तर उसात मुळातच नसल्यात जमा. बीटमध्ये आणखी एक द्रव्य असतं, नायट्रेट. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये उच्च रक्तदाब असलेल्यांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटचा रस दिला, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी आठेक अंकांनी उतरला. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका भाजीच्या रसाने इतकं करावं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. जंतुनाशक द्रवाने खळखळून चूळ भरणाऱ्यांना मात्र हा फायदा कमी मिळतो, कारण ते बिचारे जिवाणूच मरतात.

पण बीटची दुसरी बाजू पाहा. १०० ग्रॅम बीटमध्ये सात ग्रॅमच्या जवळपास साखर असते. चोथा काढून ग्लासभर रस केला, की त्यात पंधरा-वीस ग्रॅम साखर सहज उतरते. ती दोन खडे गुळातल्या साखरेएवढी झाली. यात नवल नाही. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४७ साली दाखवून दिलं होतं, की बीटमधून निघणारी साखर आणि उसातली साखर एकच. युरोपातले साखर कारखाने आजही शुगरबीटवर चालतात आणि शुगरबीट हे आपल्या कोशिंबिरीतल्या बीटचंच भावंड आहे, एकाच वनस्पतीचं दुसरं वाण. म्हणजे भाजीचा रस आणि गोडीचा पदार्थ यांच्यामधली भिंत आपल्याला वाटते तितकी जाड नाही. काहिलीत बीटचा रस ओतून चुलाण पेटवलं, की पलीकडे गोडच काहीतरी निघणार. ब्रिटनमध्ये 'मोकळ्या साखरे'ची मोजणी करताना फळांबरोबर भाज्यांच्या रसातली साखरही धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी मोकळी साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. टेकडीवरचा गाजर-बीट आणि खालचा गुळाचा चहा, यांत तो कोटा नाश्त्याआधीच संपायला आला.

मधुमेह असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. 'साखर बंद आहे, गूळ चालतो' असं पुण्यात इतक्या ठामपणे सांगतात, की डॉक्टरलाही क्षणभर शंका यावी. अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार गुळात एकूण शर्करा किमान ९० टक्के आणि त्यात सुक्रोज, म्हणजे पिशवीतली साखरच, किमान ६० टक्के असायला हवी. चांगल्या गुळात सुक्रोज ७०-८० टक्क्यांपर्यंत जातं, बाकी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. स्वादुपिंडाला रंग दिसत नाही. वर गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, म्हणून हात सढळ होतो. देशात मधुमेही दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीने दिला, आणि आपण त्याला इतके का बळी पडतो याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सुमारे आठशे ग्रॅमनी हलकी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. वरून बारीक दिसणाऱ्या या शरीराला जादा साखर झेपत नाही, मग ती कोणत्याही रंगाची असो.

या बाळांच्या मातांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी केईएमच्या गटाबरोबर २००१ साली ती मांडली. गरोदरपणात बाई एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिनं खाते, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते, याच्याशी मात्र स्पष्ट संबंध दिसला. या बायका कुणी गव्हांकुराचे ग्लास पीत नव्हत्या. शेतात निघालेली मेथी, पालक, चाकवत शिजवून भाकरीबरोबर खात होत्या. मला हा निष्कर्ष या प्रकरणातल्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

रसाविरुद्ध माझी खरी तक्रार इथे आहे. भाजी आपल्यापाशी पूर्ण असते, आपण तिचा रस करतो आणि चोथा फेकतो. त्या चोथ्यातले तंतू पोट भरल्याची जाणीव देतात, साखर हळूहळू रक्तात सोडतात, सकाळी पोट साफ करतात. मिक्सरमध्ये फिरवलेल्या रसातलं क जीवनसत्त्व हवेशी संपर्क येताच उतरायला लागतं. पहाटे चारला काढून कॅनमध्ये भरलेल्या रसात साडेसातला किती उरलं असेल, कल्पना करा. गाजरातलं कॅरोटीन तेला-तुपाबरोबर जास्त शोषलं जातं. म्हणजे हिंग-मोहरीची फोडणी दिलेली गाजराची कोशिंबीर रसाच्या पुढे जाते आणि तिच्यामुळे दातांनाही थोडा व्यायाम घडतो. दुधीची चणाडाळ घातलेली भाजी करा. डाळीचं लोह, प्रथिनं आणि दुधीचं पाणी एकाच ताटात येतं. रस काढलाच तर चोथा थालिपिठाच्या भाजणीत मळून टाकावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर रसांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. ग्लासभर गाजराच्या रसात पोटॅशियम सातशे मिलिग्रॅमच्या घरात जातं, तर गुळाच्या खड्यात पन्नासच्या आत असतं. 'नैसर्गिक' या शब्दाने पोटॅशियम कमी होत नाही.

राहता राहिली एक गोष्ट. कोष्टकात तिला रकाना नाही, पण तिच्यामुळे माणसं दगावली आहेत. दुधी, काकडी, कारलं, दोडका ही सगळी एका कुळातली. या कुळातल्या वनस्पती स्वसंरक्षणासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्यं तयार करतात. बाजारातल्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात एकाएकी वाढतात आणि बाहेरून काही कळत नाही. दिल्लीत २०१० साली एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा मिश्र रस प्यायल्यावर मृत्यू झाला. ते काही पहिल्यांदा रस पीत नव्हते. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. तरीही जून २०१८ मध्ये पुण्यातच चाळिशीतल्या एका महिलेला सकाळच्या व्यायामानंतर दुधीचा रस प्यायल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला.

भाजीत ही भानगड सहसा होत नाही, कारण कडू भाजी पहिल्या घासालाच ताटाबाहेर जाते. रस मात्र आपण औषधासारखा, श्वास रोखून, एका दमात घेतो. वर 'कडू तेवढं गुणकारी' अशी शिकवण लहानपणापासूनची. त्यात कारल्याचा रस मिसळला, की दुधी कडू होती हे जिभेला कळण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून समितीचं सांगणं साधं आहे आणि ते घरोघरी पोहोचायला हवं. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा. किंचितही कडू लागला तर अख्खी दुधी टाकून द्या. पैसे गेले म्हणून साखर, मीठ किंवा लिंबू घालून ती खपवू नका. दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नका. कॅनमधून मिळणाऱ्या रसाची दुधी कुणी चाखली होती, हे विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर ग्लास परत करा. रस प्यायल्यावर मळमळ, उलट्या, पोटात कळा किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक रुग्णालयात जा आणि काय प्यायलं होतं ते डॉक्टरांना आधी सांगा. या विषावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच करावे लागतात.